शाई मुरते की वर बसते?

ठशाचं रबर टिकाऊ होतं ते गंधकासह तापवल्यामुळे. चार्ल्स गुडइयरचं त्याबद्दलचं अमेरिकी पेटंट १८४४चं. पण घरी अशा ठशांनी शुभेच्छापत्रं करताना खरी गंमत शाईत असते. डाय शाईतला रंग विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत झिरपतो, झटकन वाळतो आणि उन्हात लवकर विटतो. पिगमेंट शाईतले न विरघळणारे कण कागदावरच बसतात, म्हणून काळ्या कार्डावरही पांढरा ठसा उठून दिसतो. ही शाई सावकाश वाळते. घाईच्या माणसाला तो दोष वाटेल, मला गुण वाटतो. ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायचं. पावडर वितळते, निवताच चकचकीत उठावाची नक्षी तयार! हेअर ड्रायर इथे चालत नाही: त्याची हवा पुरेशी तापत नाही, वर पावडरच उडवते.