काढलेल्या रक्ताची राखण

वैशाखांत दूध तापविण्यास उशीर झाला तर तें नासतें, हें घरांतील लहान मुलीसही सांगावें लागत नाहीं. परंतु तपासणीसाठीं काढलेलें रक्त किती वेळ खरें राहतें, हा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. आमच्याही मनांत तो कधीं आला नव्हता. तो कसा उद्भवला आणि त्याचा माग काढतां काढतां आम्हीं काय जाणून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारी हयात संस्कृत शिकविण्यांत गेलेली. तेव्हां वैद्यकांत आमचा अधिकार नाहीं. जाणत्यांकडून जें समजलें तेंच सांगतों.

आमचें आंजी (मोठी) हें गांव वर्धा तालुक्यांतील. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका सकाळीं आमच्या सौभाग्यवतींचें रक्त उपाशीपोटीं तपासणीसाठीं घेतलें. घेणारा मुलगा भला होता. पण त्यास आणखी पांचसात घरें करावयाचीं होतीं. नळी पिशवींत पडली व दुपार कलल्यावर शहरांतील प्रयोगशाळेंत पोहोंचली. साखर ९८ आली. आम्हीं आनंदानें देवापुढें साखर ठेवली, आणि घरांतील गोडधोड पूर्ववत् चालू राहिलें. पुढें आठ महिन्यांनीं पायाची एक लहानशी जखम भरून येईना, तेव्हां दवाखान्यांत तेथल्या तेथें तपासणी झाली. साखर १७० च्या वर निघाली. उपाशीपोटीं १२६ ही मधुमेहाची मर्यादा आहे. डॉक्टरांनीं जुना कागद पाहून एवढेंच विचारलें, "मास्तर, त्या दिवशीं रक्त काढल्यावर तें किती वेळानें तपासलें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कागदावरही नव्हतें.

त्या प्रश्नाचा अर्थ पुढें कळला. रक्तांतील पेशी नळींत आल्यावरही जिवंत असतात, आणि जवळ असलेली साखर खात राहतात. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तांतील साखर खोलीच्या तापमानांत दर तासास सुमारें ५ ते ७ टक्के घटते. उष्म्यांत त्याहूनही अधिक. म्हणजे सकाळीं १३५ असलेली साखर पांच तासांनीं शंभराच्या आसपास दिसावी. यासाठींच साखरेच्या तपासणीस राखी झाकणाची नळी वापरतात. तींत फ्लोराइड असतें. तथापि त्याचा अंमल पुरता बसण्यास तास-दोन तास लागतात, म्हणून रक्त थंड ठेवून पेशी लवकर वेगळ्या करणें हाच खरा उपाय होय. आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें, असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. आठ महिन्यांत रोग वाढलाही असेल. पण वेळ कोणींच लिहून ठेवली नाहीं, त्यामुळें खरें काय तें आतां कोणासही कळावयाचें नाहीं. हेंच आमचें दुःख आहे.

ही एका साखरेची गोष्ट झाली. अलीकडे मेटाबोलोमिक्स या नांवाचें शास्त्र उदयास आलें आहे. शरीरांत अन्नाचें जें पचन, घडण व मोडतोड चालते, तींतून उत्पन्न होणारीं शेंकडों, किंबहुना हजारों सूक्ष्म द्रव्यें या शास्त्रांत एकदमच मोजतात. आज दिलेलें रक्त उणें ८० अंशांवर गोठवून ठेवावें आणि वर्षांनंतर त्यांतून रोगाचें मूळ शोधावें, अशी ही योजना आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील ५ लाख लोकांचें रक्त २००६ ते २०१० या काळांत अशाच हेतूनें सांठविलें गेलें.

खेड्यांतील रक्ताचें मोल किती, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालीं १९९३ सालीं जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. माता गरोदर असतां घेतलेल्या रक्ताचा मुलांच्या प्रकृतीशीं असलेला संबंध, मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर तपासून, २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें, आणि सुमारें ३० टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलें होतें. आतां गंमत पाहा. हें होमोसिस्टीन असें द्रव्य आहे कीं, रक्त तसेंच ठेवल्यास पेशींतून बाहेर येऊन तें तासास सुमारें १० टक्के वाढतें! अशा अभ्यासांत नळी वेळेवर थंड करणाऱ्याच्या हातीं सगळा निष्कर्ष असतो.

मग सांठविलेला नमुना बिघडला कीं नाहीं, हें ओळखावें कसें? त्यासही युक्त्या आहेत. साखर कमी व लॅक्टिक आम्ल जास्त दिसलें, तर रक्त पेशींसह फार वेळ पडून होतें असें समजावें. हायपोझँथीन वाढलें तरी संशय तोच. तांबड्या पेशी फुटल्या असतील तर त्यांतील आर्जिनेज हें आर्जिनीनचें ऑर्निथीन करतें. त्या दोहोंचें प्रमाण पाहिलें कीं चोरी उघडी पडते. यंत्राच्या परीक्षेसाठीं प्रत्येक नमुन्यांतील थोडथोडा अंश एकत्र करून तें मिश्रण ठराविक अंतरानें पुनःपुन्हां मोजतात. मोजणी सरकूं लागली कीं यंत्र बहकलें असें जाणावें.

येथें आम्हांस स्थालीपुलाकन्याय आठवला. एक शीत चेपून हंडींतील सारा भात शिजला कीं नाहीं, हें सुगरण ओळखते. पण हा न्याय केव्हां लागू पडतो? सर्व तांदुळांस सारखीच आंच लागली असेल तेव्हां. एकत्र केलेल्या मिश्रणानें यंत्राची परीक्षा होते. यंत्रापर्यंत येण्यापूर्वीं प्रत्येक नळीनें काय भोगलें, तें त्यांत कळत नाहीं.

आणि धोका नेमका तेथेंच आहे. आंजीचें प्राथमिक आरोग्य केंद्र सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६९) सामुदायिक वैद्यक विभागाचें कार्यक्षेत्र राहिलें आहे. तेव्हां संशोधनाचे पाहुणे आम्हां गांवकऱ्यांस नवे नाहींत. आतां समजा, एखाद्या रोगाच्या अभ्यासांत रुग्णांचें रक्त मोठ्या रुग्णालयांत काढून तेथेंच पंधरा मिनिटांत गोठविलें, आणि तुलनेसाठीं निरोगी माणसांचें रक्त खेड्यांतून चार तासांनीं नेलें. दोहोंत भेद तर दिसणारच. पण तो रोगाचा भेद नव्हे, रस्त्याचा भेद होय. अंतराला रोग समजण्याची ही चूक कितीही महागडें यंत्र आणलें तरी दुरुस्त होत नाहीं.

उपाय साधे आहेत. रक्त काढल्याची, पेशी वेगळ्या केल्याची व गोठविल्याची वेळ लिहावी. सर्व नमुन्यांस एकच रीत लावावी. रक्तद्रव लहान लहान कुप्यांत वांटून ठेवावा, म्हणजे पुनःपुन्हां वितळवावा लागत नाहीं. वीज गेली तर तीही नोंद करावी. या सूचना शाळेंतील हजेरीपटासारख्या नीरस वाटतील. परंतु हजेरीपटाशिवाय शाळा चालत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

आणि गृहस्थांनीं काय करावें? रक्त देतांना दोन प्रश्न विचारावे: हें कोणत्या नळींत ठेवणार, आणि किती वेळांत तपासणार? यांत कोणाचा अपमान नाहीं. आतां आमच्या घरीं रक्त नेण्यास कोणी आलें कीं, सौभाग्यवती हात पुढें करण्यापूर्वीं भिंतीवरील घड्याळाकडे पाहतात, आणि "बाळा, नळीवर वेळ लिही," असें सांगतात. परवां आलेल्या मुलानें ती न सांगतांच लिहिली.