आवाज स्वस्त, शांतता महाग

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. दीड किलोवॉटचा ट्रान्समीटर, स्टुडिओ, गायक-वादक, निवेदक असा सगळा जामानिमा होता. पुढच्याच महिन्यात कलकत्त्यालाही केंद्र निघालं. कंपनीची मुख्य भिस्त रेडिओ परवान्याच्या शुल्कावर. वर्षाला दहा रुपये शुल्क, त्यातले आठ कंपनीला. पण परवाने काही हजारांच्या पुढे सरकेनात आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचं दिवाळं वाजलं.

आज पॉडकास्ट काढू पाहणाऱ्या माणसानं त्याच रकान्यांत आपला हिशेब मांडावा. ट्रान्समीटर शून्य रुपये, परवाना शून्य, आवाजाची काटछाट करणारं यंत्र शून्य. एफएमच्या लहरी सरकार आजही लिलाव करून देतं, आणि इथे माणूस उठतो, बोलतो आणि सिन्नरपासून सिंगापूरपर्यंत ऐकला जातो. हे शून्य आलं कुठून, हे बघायला गेलं की चक्रावून जायला होतं, कारण त्या प्रत्येक शून्यामागे कुणीतरी आपल्या आधी घाम गाळून ठेवलेला आहे.

ट्रान्समीटरची जागा घेतली आहे ती साध्या मजकुराच्या एका फाइलनं. तिला आरएसएस फीड म्हणतात. त्यात कार्यक्रमाचं नाव, प्रत्येक भागाचं शीर्षक आणि ध्वनिफीत इंटरनेटवर कुठे ठेवली आहे तो पत्ता, एवढंच असतं. श्रोत्याच्या फोनमधलं अ‍ॅप अधूनमधून ती फाइल वाचून नवीन पत्ता दिसतोय का ते बघतं. ध्वनिफितीचा पत्ता फीडमध्ये टाकण्याची ही सोय डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रामरनं २०००च्या अखेरीस केली. जून २००५मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली, तीही याच फीडच्या जोरावर.

ध्वनिफीत लहान करण्याचं श्रेय एमपी३चं. सीडीच्या दर्जाचा एकेरी, म्हणजे मोनो आवाज सेकंदाला सुमारे सात लाख बिट्स खातो. बोलण्याला चौसष्ट हजार पुरतात. उरलेल्यातलं बरंचसं आपल्या कानांना ऐकूच येत नाही! मोठ्या आवाजाच्या सावलीत बारीक आवाज लपतो, तो टाकून दिला तरी चालतं, हे ओळखून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत हे तंत्र घडलं. त्यामुळे अर्ध्या तासाच्या गप्पा साडेचौदा एमबीच्या आत बसतात. २०१७मध्ये संस्थेनं एमपी३चा परवाना कार्यक्रमही बंद केला, म्हणजे तेही फुकट.

इथे मात्र एक मजेशीर उलटापालट आहे. रेडिओचा ट्रान्समीटर एकानं ऐकला काय आणि लाखानं ऐकला काय, विजेचं बिल तेवढंच. पॉडकास्टची प्रत प्रत्येक श्रोत्याला वेगळी पोचवावी लागते. हजार जणांनी तो अर्धा तास उतरवला की चौदा जीबी गेले. सुरुवातीच्या काळात कार्यक्रम गाजला म्हणून खिसा रिकामा व्हायची पाळी यायची. मग २००४मध्ये लिबसिनसारख्या कंपन्या आल्या. त्यांनी श्रोत्यांच्या संख्येवर पैसे न लावता साठवणुकीच्या जागेवर लावले. आज स्पॉटिफायसारख्या कंपन्या ही जागा फुकटही देतात. अर्थात फुकट देणारा उद्या नियम बदलू शकतो, म्हणून आपल्या मूळ फितींची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. हा खर्च मी तरी टाळणार नाही.

आता माईक. नवखा माणूस इथेच पाकीट काढतो. कॉलरला लावायचा वायरचा माईक हजार रुपयांच्या आत मिळतो, याचं मूळ १९६२मध्ये आहे. त्या वर्षी बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेस्लर यांनी टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात विजेचा भार कायमचा कोंडून ठेवला. त्याआधी असल्या माईकच्या पडद्याला बाहेरून मोठा विद्युतदाब पुरवावा लागे. ती गरजच संपली, आणि माईक चिमुकला व स्वस्त झाला. फोनमधले आताचे माईक तर सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले असतात. यूट्यूबवर ज्याच्या त्याच्या तोंडासमोर दिसतो तो काळा, जाडजूड शुअर एसएम७बी. त्याचा पूर्वज १९७३चा आणि मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’वर वापरलेला. पण हा माईक अमेरिकेतच चारशे डॉलरच्या घरात जातो, आणि त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की तो वाढवायला चांगला ऑडिओ इंटरफेस वेगळा घ्यावा लागतो. घोड्यापायी घोड्याचा तबेला घ्यायचा, त्यातली गत.

आणि एवढं करून आवाज घुमतोच.

घुमतो, कारण आपण खोली विसरलो. समोरची भिंत दोन मीटरवर असेल तर आपला शब्द तिच्यावर आपटून सुमारे बारा मिलिसेकंदांत परत येतो. तो परत आलेला आवाज आपल्याला वेगळा ऐकू येत नाही. आपला मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून मूळ आवाज कुठला आणि भिंतीचा कुठला ते ताडतो आणि भिंतीचा मागे सारतो. आपण जन्मभर खोल्यांमध्ये बोलत आलो, पण खोली अशी कधी ऐकलेलीच नसते. माईकला मात्र एकच कान. तो शब्द आणि भिंती एकाच पट्टीवर नोंदवतो, आणि नंतर मेंदूला त्यांची फारकत करता येत नाही. म्हणून समोर बसून गोड वाटलेली मुलाखत रेकॉर्डिंगमध्ये न्हाणीघरातून आल्यासारखी वाटते. महागडा, संवेदनशील माईक घेतला तर तो भिंती आणखी बारकाईनं टिपतो, म्हणजे पैसे देऊन घुमारा विकत घेतल्यासारखंच.

याच्यावरचा सगळ्यात गुणकारी उपाय एका पैचाही नाही. माईक तोंडापासून दोन वितींवर असेल तर तो अर्ध्या वितीवर आणा. अंतर चौथ्या हिश्श्यावर आलं की तोंडातून थेट पोचणारी ध्वनिशक्ती सोळा पट होते. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. मग रेकॉर्डिंगची पातळी खाली ओढली की घुमारा जवळपास नाहीसा होतो. सोळा पटीची ही सुधारणा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

जवळ गेल्यावर मराठी माणसाला एक अडचण येते. आपल्या बोलण्यात ‘भ’, ‘फ’, ‘थ’, ‘घ’ पावलोपावली. ‘फक्त’ म्हटलं की हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो आणि फितीत ‘ढब्’ असा दणका उमटतो. माईक नाकासमोर न ठेवता गालाच्या बाजूला जरा तिरका धरावा. झोत सरळ निघून जातो, आवाज माईकला मिळतो.

भिंतींना इंचभर जाडीचा फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस मात्र आवरावी. पुरुषी आवाजाचा मूळ सूर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा असतो. त्याची एकेक लाट तीन मीटर लांब, तिला इंचभर फोम कुठून अडवणार? तो फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर पितो. जाड गाद्या, गोधड्या, साड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट यांचं काम याहून चांगलं. घरातली साधी जागाही पुरते: अमेरिकी पॉडकास्टर मार्क मॅरॉननं जून २०१५मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांची, बराक ओबामांची मुलाखत घेतली ती लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये. बाहेरच्या आवाजाला मात्र गोधडी पुरत नाही. पंखा, मिक्सर, सोसायटीचा पाण्याचा पंप, खालून जाणारी फटफटी यांच्यावर इलाज एकच, भल्या पहाटेची वेळ. शांतता विकत घ्यायची तर तासावर स्टुडिओचं भाडं मोजावं लागतं, आणि अंदाजपत्रकातला पहिला खराखुरा आकडा हाच.

दुसरा आकडा आपल्या तासांचा. तो कुणी लिहीतच नाही. ऑडासिटी हे काटछाटीचं सॉफ्टवेअर २०००पासून फुकट आहे, पण ते तुमच्यासाठी ऐकत नाही. पन्नास मिनिटांच्या गप्पांचा अर्धा तास करायचा तर ती पन्नास मिनिटं थांबत-थांबत ऐकावीच लागतात, मग कापलेलं पुन्हा एकदा. तयारी, पाहुण्याला गाठणं, रेकॉर्डिंग, कापणं, वर्णन लिहिणं मिळून आठवड्याला सहा तास धरा. वर्षाचे ३१२ होतात. आपल्या तासाची किंमत तीनशे रुपये लावली तरी ९३,६०० रुपये. सगळ्या यंत्रांची बेरीज याच्या पासंगालाही पुरत नाही. दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला भाग काढायचा ठरवलं तर जेवढी बचत होते, तेवढी कुठल्याही सेलमध्ये होणार नाही. कॅमेरा लावायचा असेल तर दिवे, पार्श्वभूमी, कपडे, व्हिडिओचं संकलन असं शेपूट वाढतच जातं. पहिल्या वर्षी कॅमेरा नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

संगीताचा खड्डा वेगळाच. तुकोबांचे अभंग कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण ते गायलेलं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, प्रकाशनानंतर साठ वर्षं. चाल बांधणाऱ्याचा हक्क तर त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. सुरुवातीला दहा सेकंद जुनं भावगीत टाकायचं असलं तरी परवानगी घ्यावी लागते. ओळखीच्या पेटीवाल्याकडून आठ मात्रांची नवी धून बांधून घ्यावी आणि वापराची परवानगी कागदावर लिहून घ्यावी.

तेव्हा दुकानात जाण्याआधी पहिले सहा भाग हातातल्या फोनवर, उघड्या कपाटासमोर, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. सातवा करावासा वाटला तर चार-पाच हजारांचा माईक खुशाल घ्या. नाही वाटला, तर ते चार-पाच हजार वाचले.