पेरूत अळी निघाली म्हणून पेरू सोडू नका

वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन झालं की आरोग्याविषयी थोडं बोलणं होतं. मागच्या रविवारी एका ताईंनी विचारलं, “सिस्टर, नातवाने अर्धा पेरू खाल्ला आणि आत अळ्या दिसल्या. आता त्याला जंत होतील का?” धसका घेऊन त्यांनी घरात पेरू आणणंच बंद केलं होतं.

जंत होत नाहीत. फळमाशी पेरूच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. थोड्याच दिवसांत पांढऱ्या अळ्या निघतात आणि गर खातात. पावसाळी पेरूत हा त्रास जास्त असतो. माणसाच्या पोटातले जंत वेगळे. ते घाणीतून, मातीतून येतात. फळातली अळी चुकून गिळली तर सहसा पोटात पचून जाते. मुलाला उलट्या-जुलाब झाले, तर मात्र दवाखान्यात न्या.

अंडी सालीच्या आत असतात, त्यामुळे मिठाच्या पाण्यानेही निघत नाहीत. साबण, कपड्यांची पावडर, फिनेल फळाला लावूच नका. ते अळीपेक्षा घातक.

मग करायचं काय?

घेताना : टणक, अखंड सालीचा पेरू घ्या. टाचणी टोचल्यासारखे डाग असलेला, दाबल्यावर मऊ लागणारा नको.

धुताना : स्वच्छ पाणी ओतत हाताने चोळा. धूळ, जंतू आणि वरचे किडे जातात.

खाताना : मुलांना अख्खा पेरू देऊ नका. फोडी करून उजेडात पाहा. कीड एका बाजूला असेल तर तेवढा भाग कापून टाका. गर तपकिरी, पाणचट किंवा आंबूस वासाचा असेल तर सगळाच टाका. भोजनदानाच्या फळांनाही हाच नियम.

टाकताना : उघड्यावर फेकू नका. अळ्या मातीत कोष करतात, त्यातून पुन्हा माशा होतात. पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीत द्या.

पेरूत संत्र्यापेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्व असतं. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. वॉर्डात रक्त कमी असलेल्या आपल्या कितीतरी लेकीबाळी मी पाहिल्या आहेत. सफरचंद रोज परवडत नाही, पेरू परवडतो. तोही भीतीपोटी सुटला तर नुकसान आपलंच.

येत्या रविवारी विहारात पेरू आणि सुरी घेऊन या. चिरून बघू, मग खाऊ. जय भीम!