भरतीच्या घड्याळावर जगणारे पाहुणे

कोकणातील अनेक शाळा हिवाळ्यात मुलांना पक्षी दाखवायला किनाऱ्यावर नेतात. अशा सहलींचा अनुभव फार वेगवेगळा असतो. एका रविवारी पुळणीवर शेकड्यांनी पक्षी दिसतात. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी जावे तर चार-दोन कुरव आणि कावळे! असे का व्हावे?

रानातल्या आणि शेतातल्या पक्ष्यांचा दिवस सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावर बेतलेला असतो. किनाऱ्यावर चरणाऱ्या पक्ष्यांचा दिवस मात्र मुख्यतः भरती-ओहोटीवर चालतो आणि तिची वेळ रोज पुढे सरकते. हे एकदा लक्षात आले, की पक्षी केव्हा आणि कोठे दिसतील याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. किनाऱ्याच्या कोणत्या जागा त्यांच्यासाठी अत्यावश्यक आहेत, हेही समजते.

उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातील आक्षीचा किनारा घेऊ. अलिबागच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेले हे गाव मराठीतील अगदी जुन्या शिलालेखामुळे अभ्यासकांना माहीत आहे. पक्षिनिरीक्षकांना ते माहीत आहे तेथील रुंद पुळणीमुळे आणि शेजारच्या खाडीच्या मुखामुळे. साधारण सप्टेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत येथे दूरदूरचे पाहुणे येतात. त्यांतला सँडरलिंग हा पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो. तपकिरी डोक्याचा कुरव आणि लहान चिखल्या तिबेट-लडाखकडील उंच पठारांवरून उतरतात. लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू मध्य आशिया आणि सायबेरियातून येतो.

एक ताट, अनेक चोची

उधाणाच्या दिवशी या भागात समुद्राचे पाणी साधारण साडेतीन ते चार मीटर चढते-उतरते. किनारा उताराला सौम्य असेल, तर ओहोटीला कितीतरी रुंद पट्टा उघडा पडतो. आपल्याला ती नुसती ओली वाळू किंवा चिखल दिसतो. त्यात गांडुळांसारखे सागरी कृमी, लहान खेकडे, कोलंबीसारखे बारीक प्राणी आणि शिंपले दडलेले असतात. पाणी ओसरले, की ते वेगवेगळ्या खोलीवर जाऊन बसतात. त्यांना शोधणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीही तितक्याच वेगवेगळ्या असतात.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, बघतो आणि पृष्ठभागावर हालचाल दिसली की टिपतो. सँडरलिंग परतणाऱ्या लाटेच्या मागे धावतो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत सुटतो. त्याला मागचे बोट नसते, हे पावलांचे ठसे पाहून मुलांना ताडता येईल. टर्नस्टोन दगड आणि शेवाळ उलथून खालचे जीव खातो. कालवफोड्याची लालभडक, दणकट चोच शिंपले उघडण्याच्या कामी येते. कर्ल्यूची दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीची चोच खेकड्याच्या वाकड्या बिळात शिरते.

गॉडविटची लांब चोच चिखलात बुडालेली असताना त्याला भक्ष्य दिसत नाही. मग ते सापडते कसे? अशा पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला दाब आणि कंपने ओळखणारी असंख्य चेतासंवेदके असतात. चोच पूर्ण न उघडता केवळ तिचे टोक उघडून भक्ष्य पकडता येते. नॉट नावाच्या पक्ष्यावर नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूच्या कणांमधील पाण्यावर दाब पडतो. वाटेत शिंपला असेल तर त्या दाबाची मांडणी बदलते, आणि चोच शिंपल्याला न टेकताही पक्ष्याला त्याचा सुगावा लागतो. कोरड्या वाळूत ही युक्ती चालत नाही. ओलेपणाही या ताटाचा आवश्यक भाग आहे तो असा.

तिथीची पाऊणपट

आता सहलीची वेळ कशी ठरवायची? कोळीवाड्यातील जुनी माणसे एक सोपे गणित सांगतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना नियम एकच. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हे गणित वर्गात तपासून पाहण्याजोगे आहे. चंद्राच्या एका फेऱ्यात, म्हणजे तीस तिथींत, भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. कोळ्यांच्या नियमात ती ४५ धरली आहेत. पंधराव्या तिथीला हा फरक पाऊण तासाचा होतो : नियमाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. तोंडी हिशेबासाठी एवढी तफावत चालण्यासारखी आहे. मात्र हा नियम या भागात पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती येते म्हणून लागू पडतो. दुसऱ्या बंदरात वेळा वेगळ्या असतात. नेमक्या वेळेसाठी भरतीचे छापील कोष्टक पाहावे.

ऐन ओहोटीला पक्षी दूरवर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांसारखे दिसतात. पाणी चढू लागले की उघडा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी आपोआप आपल्या दिशेने सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत चांगले. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि रंग स्पष्ट दिसतात. दोन्ही गोष्टी जुळवायच्या तर द्वादशी-त्रयोदशीची सकाळ निवडावी. त्या दिवशी भरती नऊ-दहाच्या सुमारास असते, म्हणून सातलाच किनाऱ्यावर पोहोचावे.

भरतीच्या वेळी काय?

भरतीने ताट झाकले की पक्षी खाडीच्या मुखाजवळचा वाळूचा उंचवटा, मिठागर, खाजणाचा बांध अशा कोरड्या जागी थव्याने एकत्र येतात. एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. पाहणाऱ्याला ते रिकामटेकडे वाटतात. मुलांना त्यांच्या अंगावर धावून सगळा थवा उडवण्याचा मोह होतो. गाडी वाळूत घालणारे पर्यटक आणि मोकाट कुत्री हेच करतात.

पण या विश्रांतीला मोल आहे. या पक्ष्यांना परतीच्या प्रवासाचे इंधन येथेच साठवायचे असते. जाण्यापूर्वी काही जातींचे वजन चरबीमुळे दीडपट ते दुप्पट होते. लांबचा टप्पा गाठणाऱ्या काही जातींमध्ये उड्डाणापूर्वी पचनाचे अवयव आक्रसतात, कारण हवेत त्यांचे ओझेच होणार असते. इंधन किती लागत असेल? २०२२ मध्ये उपग्रह-यंत्र लावलेला बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक तरुण पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, कोठेही न उतरता उडाला. याच जातीचे पक्षी आपल्या किनाऱ्यावरही हिवाळा काढतात. त्यांचा प्रवास एवढा लांबचा नसतो, एवढेच. दर वेळी उडवलेला थवा साठवलेल्या चरबीतील थोडी खर्च करतो. चरण्याचा वेळ भरतीने आधीच मर्यादित केलेला असल्याने ती भरून काढणे सोपे नसते.

पट्टाच नाहीसा झाला तर काय होते, हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. सेमांगुम येथील विस्तीर्ण चिखलपट्टे २००६ मध्ये ३३ किलोमीटर लांबीच्या बांधाने समुद्रापासून तोडले गेले. ग्रेट नॉट हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हिवाळ्यात दिसणारा पक्षी तेथे स्थलांतराच्या वाटेवर मोठ्या संख्येने थांबत असे. पक्षी शेजारच्या किनाऱ्यांवर जातील अशी अपेक्षा होती. तेथे ते त्या प्रमाणात आढळले नाहीत आणि जातीची एकूण संख्या घसरली. शेजारची ताटेही आधीच भरलेली असतात.

आपल्याकडे किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे सर्वांत संवेदनशील वर्गात घातले आहेत. परंतु एखाद्या पट्ट्यावर आणि त्याच्या शेजारच्या वाळूच्या उंचवट्यावर पक्षी येतात, हे कोणीतरी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले असावे लागते. नोंद नसेल तर ती जागा कागदावर ओसाडच ठरते.

हे काम शाळा करू शकते. एक जागा ठरवावी. ऑक्टोबर ते मार्च, दर महिन्याच्या त्रयोदशीला, भरतीच्या आधीच्या दोन तासांत तेथे मोजणी करावी. तारीख, तिथी, पक्ष्याचे नाव किंवा ओळखीच्या खुणा, संख्या, पक्षी चरत होते की झोपले होते, आणि ते कशामुळे उडाले, एवढे रकाने पुरेत. नाव न कळल्यास चोचीचे चित्र काढावे. कुरवांच्या डोक्याचा रंगही नोंदवावा : डिसेंबरमध्ये डोळ्यामागे फक्त गडद ठिपका असतो, मार्चपर्यंत अनेकांचे सगळे डोके तपकिरी किंवा काळपट झालेले दिसते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. शाळेला तीतही भाग घेता येईल. मोजणी मात्र थव्यापासून अंतर राखून, बसून करावी. पक्षी माना वर करून आपल्याकडे पाहू लागले, की चार पावले मागे सरकावे.