‘पानी’ म्हटलं की हसू का येतं?

बीड किंवा धाराशिवहून पुण्यात शिकायला आलेला एखादा विद्यार्थी वर्गात उत्तर द्यायला उभा राहतो. उत्तर बरोबर असते. पण त्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. पुढच्या वेळी उत्तर येत असूनही तो हात वर करत नाही. ‘उच्चार अशुद्ध’ हा शेरा असा एखाद्याला गप्प करून टाकतो. विज्ञानाच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही.

‘ण’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. ‘न’ म्हणताना ते वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. हा जिभेचा आळस नव्हे आणि वाचादोषही नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे. आपले कान पहिल्या वर्षातच घरच्या भाषेशी जुळतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये कॅनडात केलेल्या प्रयोगात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळला. वर्षाच्या सुमारास मात्र तो बहुतेकांना कळेनासा झाला.

गंमत म्हणजे, मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला आणि त्यातून ‘पाणी’ आले. हिंदी भाषक ‘पानी’ म्हणतो, तेव्हा कोणी हसत नाही. म्हणजे हसू त्या ध्वनीला येत नाही; बोलणारा खेड्यातला, अमुक जातीचा, कमी शिकलेला असणार, या आपल्या अंदाजाला येते. एकोणिसाव्या शतकात शाळा, छापखाने आणि शब्दकोश आले, तेव्हा पुण्याच्या सुशिक्षित, मुख्यतः ब्राह्मण वर्गाची बोली ‘प्रमाण’ ठरली. ही निवड समाजाने केली. त्यामागे ध्वनिशास्त्राचे कारण नव्हते.

पूर्वग्रहाला मेंदूच्या सवयीचीही साथ मिळते. शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसर यांनी २०१० मध्ये अमेरिकी श्रोत्यांना काही साधी विधाने ऐकवली. बोलणारे फक्त दिलेले वाक्य वाचत आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक होते. तरीही परकीय धाटणीच्या उच्चारातली विधाने त्यांना कमी खरी वाटली. ऐकायला थोडे जास्त कष्ट पडले, की मेंदू त्याचा दोष मजकुरावर ढकलतो. नोकरीच्या मुलाखतीत किंवा दवाखान्यात लक्षणे सांगताना असे झाले, तर बोलणाऱ्याचे मोठे नुकसान होऊ शकते.

ही सवय बदलता येते. अनोळखी धाटणीचे बोलणे कानाला किती लवकर सरावते, हे कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये तपासले. सुरुवातीला श्रोते अडखळले; पण मिनिटभराच्या आतच त्यांचा समजण्याचा वेग वाढला.

प्रमाण भाषा शिकणे उपयोगाचे आहेच. पण ती शिकवताना घरची बोली चुकीची ठरवण्याची गरज नाही. समोरच्याचा उच्चार वेगळा वाटला, तर पहिले मिनिटभर न हसता ऐकावे. तेवढ्यात कान सरावतो आणि तो काय सांगतो आहे, याकडे लक्ष जाते.