अमेरिकेचे वार्तापत्र : गावोगावच्या धावपट्ट्या

अमेरिकेत सर्वांना खुले असलेले विमानतळ सुमारे ५,००० आहेत आणि विमान कंपन्यांची नियमित विमाने त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर उतरतात. बाकीच्या ठिकाणी एक धावपट्टी, पत्र्याच्या हँगरांची रांग, कार्ड घालून स्वतःच भरायचा इंधनाचा पंप आणि बसायला एखादी खोली, एवढाच संसार असतो. बहुतेक ठिकाणी नियंत्रण मनोराही नसतो. दोन किंवा चार आसनांची, एका इंजिनाची विमाने तिथे राहतात आणि शिक्षक, दंतवैद्य, शेतकरी, निवृत्त कारागीर ती हौसेने उडवतात. हे सारे श्रीमंतीचे लक्षण आहे, असे आपल्याकडे सहज मानले जाते. पैसा लागतो यात शंका नाही. पण श्रीमंत देश आणखीही आहेत आणि इतके मोकळे आकाश त्यांतल्या फार थोड्यांकडे आहे. माझ्या मते या जगाचा पाया वेगळा आहे. धावपट्टी ही रस्त्यासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे ही इथली धारणा, आणि विमान उडवणाऱ्या नागरिकाच्या शब्दावर सरकारने टाकलेला विश्वास, या दोन गोष्टींवर ते उभे आहे.

यातल्या पहिल्या गोष्टीची मुळे दुसऱ्या महायुद्धात सापडतात. लष्कराला नको झालेल्या अनेक धावपट्ट्या १९४४ च्या कायद्याखाली नगरपालिकांना आणि कौंटींना मिळाल्या. तिथे विमानतळ चालवायचा आणि तो सर्वांना खुला ठेवायचा, ही त्यामागची अट होती. १९४६ पासून विमानतळ बांधायला केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि १९७० मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. अनुदान घेतलेली नगरपालिका साधारण २० वर्षे बांधली जाते. तोवर मनात आले म्हणून विमानतळाला कुलूप घालता येत नाही. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी मार्च २००३ मध्ये रातोरात मेग्ज फील्डची धावपट्टी उखडून टाकली, तेव्हा शहराला दंड भरावा लागला आणि अनुदानाचे १० लाख डॉलर परत करावे लागले. धावपट्टी मात्र परत आली नाही. विमानतळ वाचवण्याची चिंता इथल्या वैमानिकांच्या बोलण्यात सतत का असते, ते या एका रात्रीवरून कळते.

दुसरी गोष्ट, म्हणजे विश्वास, रोजच्या व्यवहारात दिसते. हवा स्वच्छ असेल तर अशा छोट्या विमानतळावरून उडायला कुणाची परवानगी लागत नाही, उड्डाणाचा आराखडाही द्यावा लागत नाही. भारतात छोट्या विमानालाही सामान्यतः आराखडा आणि हवाई संरक्षणाची मंजुरी लागते. सीमांची परिस्थिती निराळी असल्याने तिथे ते समजण्याजोगे आहे. मनोरा नसलेल्या विमानतळावर प्रत्येक जण ठरलेल्या रेडिओ लहरीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते सांगतो, इतर ऐकतात आणि आपापसात जागा करून घेतात. रात्री धावपट्टी अंधारात असते. येणारा वैमानिक रेडिओचे बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबतो आणि दिवे पूर्ण तेजाने लागतात. खासगी परवान्याला किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यानंतर दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करायची, आणि सोबत कुणाला न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन वेळा उड्डाण करून उतरलेले असायला हवे. दारू घेतल्यावर आठ तास उडायचे नाही. हे तपासायला फाटकावर माणूस नसतो. नोंदवही वैमानिकाची, ती भरणारा हात त्याचाच.

म्हणून त्याच्या दिवसातला मोठा भाग स्वतःलाच तपासण्यात जातो. उडण्यापूर्वी तो पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढतो आणि उजेडाकडे धरतो. इंधन निळे असते. तळाशी रंगहीन थेंब दिसला तर ते पाणी, आणि ते इंजिनात गेले तर हवेतच इंजिन बंद पडू शकते. मग तो पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवतो, कारण काट्यावर भरवसा ठेवायचा नाही असे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. चूक झालीच तर ती सांगायची सोय सरकारने केली आहे. १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांचे कबुलीजबाब गोळा करते आणि त्यांवरची नावे काढून टाकते. अनवधानाने नियम मोडणाऱ्याने दहा दिवसांत ते कळवले असेल, तर सहसा त्याला शिक्षा भोगावी लागत नाही. धाक दाखवून जी माहिती कधी मिळाली नसती, ती या मार्गाने मिळते. मला या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे धनिकांचे चोचले आहेत आणि त्यांचे पैसे बाकीचे भरतात. नव्या सेस्ना १७२ ची किंमत चार लाख डॉलरच्या वर आहे हे खरे. पण हवेत दिसणारी विमाने बहुधा कित्येक दशके जुनी असतात. नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून सेस्नाने १९८६ मध्ये ही छोटी विमाने बनवणे थांबवले होते. १९९४ च्या कायद्याने उत्पादकाचे दायित्व १८ वर्षांपुरते मर्यादित केल्यावर ती पुन्हा बनू लागली. जुने विमान चौघा-पाच जणांत किंवा क्लबमध्ये वाटून घेतात, हँगरसाठी प्रतीक्षायादीत थांबतात आणि वार्षिक तपासणीत सिलिंडरला तडा निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. खासगी परवान्यावर कमाई करता येत नाही; सोबत्यांकडून खर्चाचा त्यांचा वाटा तेवढा घेता येतो. अनुदानाबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोट्या विमानांच्या इंधनावर केंद्राचा कर गॅलनमागे १९.४ सेंट, तर कंपन्यांच्या तिकिटावर साडेसात टक्के. तेव्हा निधीचा भार मुख्यतः सामान्य प्रवासी उचलतो. तरीही याच धावपट्ट्यांवर रुग्ण नेणारी आणि वणवे विझवणारी विमाने उतरतात, आणि कंपनीत वैमानिक होण्यासाठी साधारणपणे लागणारे १,५०० तास तरुण इथेच पुरे करतात. फ्लोरिडा-टेक्सासच्या शाळांत महाराष्ट्रातून येणारी मुलेही अशाच विमानांत शिकतात.

दुसरा आक्षेप जिवाचा. छोट्या विमानांचे प्राणघातक अपघात वर्षाला दोनशेच्या आसपास होतात, आणि घरी पोहोचायच्या घाईने ढगात शिरणे हे त्यांतले जुने, ठरलेले कारण आहे. विश्वासाची ही किंमत आहे, ती नाकारू नये. पण मनोऱ्यातून मिळालेली परवानगी त्या माणसाला ढगापाशी थांबवू शकत नाही. परत फिरायची सवय शिक्षणानेच लागते.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या निळ्या इंधनात शिसे असते. मोटारींच्या पेट्रोलमधून ते केव्हाच हद्दपार झाले, विमानात राहिले. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवती राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले असल्याचे २०२१ च्या पाहणीत दिसले आणि जानेवारी २०२२ पासून कौंटीने तिथली शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद केली. विमानांतल्या शिशाने जनतेच्या आरोग्याला धोका आहे, असे केंद्राच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये अधिकृतपणे मान्य केले. वैमानिकांची अडचणही खोटी नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने त्याच वर्षी शिसेविरहित इंधन वापरून पाहिले, तेव्हा इंजिनांच्या झडपांची बैठक झिजू लागली आणि जुन्याकडे परतावे लागले. पण सरकारने विश्वास टाकला तो वैमानिकावर. कुंपणापलीकडच्या मुलाला त्याबद्दल कुणी विचारलेले नाही. सँटा मोनिकाचा विमानतळ २०२८ अखेर बंद होऊ शकतो, त्यामागेही शेजाऱ्यांचा अनेक वर्षांचा रोष आहे. शिसे काढून टाकण्यासाठी ठरलेली मुदत २०३० च्या अखेरची आहे, अलास्कासाठी २०३२ ची. इंजिनदुरुस्तीचा खर्च कितीही येवो, ती पुढे ढकला अशी मागणी वैमानिकांनी तरी करू नये.