रविवारी सगळे घर कान्हेरीला!

वस्तीत मुलांना पळायला जागा नाही, आईच्या शुगरला तर चालणे हवेच. मग रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चला. सोमवारी ते बंद असते. दारापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर. आजी-आजोबांना गाडीने जाऊ द्या, बाकीच्यांनी झेपेल तेवढे चालावे. चालताना बोलता येईना इतका दम लागला, तर थांबा. शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. थोडी साखर जवळ ठेवावी. हे बिबट्याचे जंगल आहे; लहानग्यांना मध्ये ठेवा, अंधारापूर्वी परता. इथलेच विहार-तुळशी तलाव मुंबईला पाणी देतात, म्हणून प्लास्टिक टाकू नका. भिक्खूंसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकी मुलांना जरूर दाखवा.